झारी उचलण्याआधी

सजगतेचा सराव म्हणजे डोळे मिटून बसणं, श्वासाकडे लक्ष देणं आणि भटकलेलं मन परत आणणं, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही, पण अर्धी आहे, आणि या अर्धेपणामुळेच बसण्याचा वेळ संपला की सरावही संपतो. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होत आली आहेत. दहा दिवसांनी घरी परतणाऱ्या साधकाला सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगितलं जातं. तो तास सांभाळणं अवघड जातंच, पण मोठा प्रश्न असतो तो उरलेल्या वेळेचा: स्वयंपाक, लोकलचा प्रवास, ऑफिस, मुलांचा अभ्यास, गच्चीवरच्या कुंड्या. बुद्धवचनांत या उरलेल्या वेळेचा विचार नाही असं मुळीच नाही. मज्झिम निकायातलं दहावं सुत्त म्हणजे सतिपट्ठान सुत्त. कुरू देशातल्या कम्मासधम्म या गावी ते सांगितलं गेलं. त्यात श्वासाचा भाग झाल्यावर, आणि चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं या चार अवस्था सांगून झाल्यावर, एक छोटासा भाग येतो. पुढे जाणं, मागे वळणं, पाहणं, हात दुमडणं आणि पसरणं, चीवर पांघरणं, खाणं-पिणं, मलमूत्रविसर्जन, जागं होणं, बोलणं आणि गप्प राहणं, हे सगळं ‘सम्पजञ्ञ’ ठेवून, म्हणजे नीट जाणून करावं, असं तिथे सांगितलं आहे. दिवसातलं काहीच त्यातून सुटलेलं नाही. संसारी माणसासाठी अख्ख्या सुत्तातला हाच भाग सर्वांत कामाचा आहे, आणि तो शिकायला बागकामाइतकी चांगली जागा दुसरी नाही, असं माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं समजून घ्यायला अट्ठकथेकडे, म्हणजे सुत्तांवरच्या टीकेकडे, जावं लागतं. पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून बुद्धघोषाने जुन्या सिंहली टीकांच्या आधारे पाली अट्ठकथा लिहिल्या. त्यांत सम्पजञ्ञाची चार अंगं दिली आहेत. पहिलं सात्थक: जे करणार आहोत त्यातून काही हित साधणार आहे का? दुसरं सप्पाय: हित साधणार असलं तरी ते आत्ता, इथे, या परिस्थितीत करणं योग्य आहे का? तिसरं गोचर: काम चालू असताना मन ठरवलेल्या विषयावर आहे का? चौथं असम्मोह: हे काम कशाकशामुळे घडतं आहे याबद्दल आपण भ्रमात तर नाही? पहिल्या दोन अंगांचं तिथलं उदाहरण फार व्यवहारी आहे. चैत्याचं दर्शन घेणं हिताचं, पण तिथे उत्सवाची मोठी गर्दी लोटली असेल तर त्या वेळी जाणं भिक्षूला योग्य नाही. आजकाल सजगता म्हणून जे शिकवलं जातं ते जवळजवळ सगळं तिसऱ्या अंगात मोडतं. पहिली दोन अंगं काम सुरू होण्याआधीची आहेत. ती गळून पडली की माणूस नको ते कामसुद्धा अगदी एकाग्रतेने करू शकतो. गरज नसलेली वस्तू ऑनलाइन मागवताना बोटाच्या स्पर्शाकडे लक्ष दिलं, तर त्याला बौद्ध अर्थाने सजगता म्हणता येणार नाही.

बागेत ही दोन अंगं टाळताच येत नाहीत, कारण टाळली तर झाड मरतं. पाणी घालण्याचंच पाहा. बहुतेक घरांत ते ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने, मन दुसरीकडे ठेवून घातलं जातं. कुंडीतली झाडं कोरडी पडून मरतात तशी जास्त पाण्यानेही मरतात. मातीतल्या पोकळ्यांत पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं मलूल होतात. ती मलूल पानं पाहून घाईतला माणूस आणखी पाणी घालतो. दुधी किंवा भोपळ्याची मोठी पानं मे महिन्यातल्या दुपारी माती ओली असतानाही माना टाकतात आणि ऊन उतरलं की आपोआप सावरतात. त्यांनाही उगाच पाणी मिळतं. उलट पावसाळ्यात गॅलरीच्या छपराखालची कुंडी बाहेर धो धो पाऊस चालू असताना कोरडीठाक असू शकते. म्हणून पहिला नियम असा ठेवा: झारी उचलण्याआधी बोटाचं दुसरं पेर बुडेल इतकं बोट मातीत घाला आणि एक श्वास थांबा. माती ओली, दमट की कोरडी, गार की तापलेली, तिला कुबट वास येतो का, एवढंच जाणा. त्यानंतर विचारा की या झाडाला पाणी हवं आहे का, आणि ते आत्ता हवं आहे का. उत्तर ‘नको’ आलं तर झारी खाली ठेवा. हे खाली ठेवणं वाटतं त्याहून अवघड आहे. हाताला सवय असते, मनाला काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. ती ओढ ओळखता येणं आणि तिच्यामागे न जाणं, हा त्या दिवसाचा सराव झाला, मग त्या कुंडीत पाण्याचा थेंबही पडला नसला तरी.

तिसऱ्या अंगासाठी खुरपणीसारखं काम नाही, आणि त्यातही लव्हाळ्यासारखा शिक्षक नाही. लव्हाळ्याच्या मुळांना जमिनीखाली गाठींची माळ असते. पात धरून हिसका दिला की वरचा भाग हातात येतो, गाठी आत राहतात आणि काही दिवसांत पुन्हा कोंब फुटतात. खुरप्याचं टोक बाजूने आत घालून, माती सैल करून, गाठ बोटांना लागेपर्यंत चाचपत जावं लागतं. मन भटकलं की गाठ तुटते आणि चूक तिथल्या तिथे कळते. श्वासावरून मन गेलं तर दहा मिनिटं पत्ता लागत नाही, हे बसून सराव करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे वाफा लगेच सांगतो. करायचं ते साधं आहे. दोन हातांची रुंदी असेल एवढाच तुकडा ठरवा. बोटांची टोकं जिथे मुळाला लागतात तो स्पर्श हा मनाचा विषय धरा. मन निघून गेल्याचं लक्षात आलं की हात थांबवा, श्वास सोडा, पुन्हा सुरू करा. स्वतःवर रागावू नका, कारण गेलेलं लक्षात येणं हाच सराव आहे. अट्ठकथेत एका महाथेरांची गोष्ट आहे. शिष्यांशी बोलता बोलता त्यांनी हात पटकन दुमडला, मग तो पहिल्या जागी नेला आणि सावकाश पुन्हा दुमडला. शिष्यांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, साधना सुरू केल्यापासून मी अवधान सोडून हात दुमडला नव्हता, आत्ता तुमच्याशी बोलताना तो तसा दुमडला गेला. पश्चात्तापाचं अवडंबर नाही, शिष्यांपुढे लपवाछपवी नाही. हात परत नेला आणि पुन्हा दुमडला. याच कामात वेदनेचा, म्हणजे सुखदुःखाच्या संवेदनेचाही अभ्यास होतो. कंबर भरून येते, डास चावतो, मूळ अखंड निघालं की बरं वाटतं. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशा वेदनेच्या तीन जाती सुत्तात सांगितल्या आहेत, आणि उकिडवं बसलेल्या माणसाला त्या अर्ध्या तासात पाठोपाठ भेटतात. मात्र कंबर खरोखर दुखायला लागली तर उठा. दुखणं सोसत बसणं म्हणजे सप्पायाकडे पाठ फिरवणं आहे.

इथे पहिली हरकत येते ती वेळेची. एवढं करत बसलो तर कामं कधी उरकायची? सजगता म्हणजे संथपणा या गैरसमजातून ही हरकत निघते. शिकताना हात थोडा मंदावतो हे खरं, पण लव्हाळा एकदाच मुळासकट निघाला तर पुढच्या तीन खुरपण्या वाचतात, आणि न घातलेल्या पाण्याचाही वेळ वाचतो. दुसरी हरकत याहून तगडी आहे: हात कामात असताना मनाने मोकळं हिंडावं, गाणी ऐकावीत, उद्याचे बेत करावेत, यातच तर बागकामाचं सुख आहे. बेत करायचा असेल तर तो ठरवून करा, तेही एक काम आहे. पण मनाचं भटकणं सुखाचं असतंच असं मानायला आधार कमी आहे. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं होतं की आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय. जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. मन चांगल्या विषयाकडे गेलेलं असतानाही लोक कामावर मन असतानापेक्षा अधिक सुखी नव्हते, आणि अप्रिय किंवा तटस्थ विषयांकडे गेलं तेव्हा स्पष्टपणे कमी सुखी होते. नेदरलँड्समधला 2011 चा एक प्रयोगही विचारात घेण्यासारखा आहे. 30 हौशी बागकऱ्यांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग काहींना अर्धा तास बागेत काम करायला आणि काहींना घरात वाचायला सांगितलं. ताणाचं मोजमाप मानलं जाणारं कॉर्टिसॉल दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत काम करणाऱ्यांमध्ये ते अधिक उतरलं. तीस माणसांच्या प्रयोगावर फार मोठा इमला उभारू नये, आणि तिथे सजगता शिकवली गेली नव्हती हेही ध्यानात ठेवावं. त्यातून एवढंच म्हणता येतं की माती आपलं अर्धं काम आधीच करून ठेवते. उरलेलं अर्धं लक्ष देण्याचं आहे.

धम्माचा अभ्यास असलेला वाचक एक वेगळीच शंका काढेल, आणि ती काढायलाच हवी. विनयाप्रमाणे, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांप्रमाणे, भिक्षूने जमीन खणणं आणि वनस्पती तोडणं हे दोन्ही पाचित्तिय, म्हणजे कबुली द्यावी लागणारे, दोष आहेत. मग बागकाम ही बौद्ध साधना कशी? हे नियम आळवी येथे झाले. तिथले भिक्षू बांधकामासाठी स्वतः जमीन खणत, झाडं तोडत. लोक मातीत आणि झाडांत एक इंद्रिय असलेला जीव मानत, त्यांना हे खटकलं. नियम भिक्षूंना लागू होते, उपासकांना नाहीत. उपासकांमध्ये शेतकरी होतेच. सुत्तनिपातातल्या कसिभारद्वाज सुत्तात नांगरट करणारा ब्राह्मण बुद्धांना कामावरून टोकतो, तेव्हा बुद्ध आपणही शेती करतो असं सांगून तिची अवजारं मोजून दाखवतात, आणि स्मृतीला, म्हणजे सजगतेला, नांगराच्या फाळाची आणि बैल हाकायच्या पराणीची जागा देतात. पुढे धम्म चीनमध्ये गेला तेव्हा विहारांचं जगणंच बदललं. चान परंपरेतले बायझांग हुआयहाय, ज्यांचं निधन 814 मध्ये झालं, त्यांनी शेतातलं काम विहाराच्या दिनक्रमात बसवलं असं परंपरा सांगते. म्हातारपणी ते दमू नयेत म्हणून शिष्यांनी त्यांची अवजारं लपवली, तेव्हा त्यांनी काम न झालेल्या दिवशी जेवणच घेतलं नाही, अशी कथा आहे. जपानी झेन मठांत रोजच्या अंगमेहनतीला आजही साधनेचं स्थान आहे. व्हिएतनामचे थिक न्हात हान्ह यांनी 1982 मध्ये फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज स्थापन केलं, तिथेही घंटा वाजली की हातातलं काम थांबवून श्वासाकडे येण्याची रीत आहे. तेव्हा बागकामाची साधना कालपरवा कोणी जुळवून काढलेली नाही.

किडीचा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. पहिलं शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं, आणि बाग म्हटली की मावा, पिठ्या ढेकूण, गोगलगाय आलीच. सजगतेने मारलं की हिंसा होत नाही, असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अंगुत्तर निकायात चेतनेलाच कर्म म्हटलं आहे. मारायचं ठरवून मारलं, तर ते जाणून केल्याने निर्दोष होत नाही. जाणण्याचा उपयोग त्याआधी आहे. कढीपत्त्यावर किंवा लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी दिसली तर ती बहुधा फुलपाखराची असते, मोठी झाल्यावर ती हिरवी होते. मोठ्या झाडाला तिने खाल्लेल्या पानांचं काहीच वाटत नाही. लहान कुंडीतलं रोप ती उघडं करील, तर तिला फांदीसकट उचलून मोठ्या झाडावर ठेवता येतं. माव्याच्या घोळक्यात फिरणारी काळपट, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी दिसणारी अळी ढालकिड्याची असू शकते. ती मावा खाते, आणि घाईघाईत फवारणारा आधी तिलाच मारतो. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली तर तिच्यामागे जा. मावा किंवा पिठ्या ढेकूण जिथे गोड चिकटा सोडतात तिथे ती पोचते, आणि मुंग्या त्या किडींची राखणही करतात. मुंग्यांची वाट बंद झाली, कीड लागलेलं टोक छाटलं, पाण्याची जोराची धार मारली, तर कित्येकदा औषधाची वेळ येत नाही. छाटलेल्या टोकावर आणि धारेखाली जीव जातात, हेही डोळ्यांआड करू नका. आठवडाभर निव्वळ पाहायचं, मग ठरवायचं, ही शिस्त पाळली तर बागेतली हिंसा शून्य होणार नाही, पण निष्कारण होणारी बरीच हिंसा टळेल.

चौथं अंग, असम्मोह, अनुभवाने येतं. त्यासाठी अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातलं एक सुत्त वाचावं. शेतकऱ्याची तीन निकडीची कामं तिथे सांगितली आहेत: नीट नांगरणं, वेळेवर पेरणं, वेळेवर पाणी देणं आणि काढणं. एवढं केल्यावर, आज अंकुर येवोत, उद्या कणसं भरोत, परवा ती पिकोत, असं म्हणण्याची सत्ता मात्र त्याच्याकडे नाही. ऋतू बदलले की पीक आपल्या वेळी तयार होतं. भिक्षूच्या शिक्षणाचंही तसंच, असं बुद्ध म्हणतात. आपल्या कुंड्यांच्या बाबतीत आपण दोन्ही बाजूंनी चुकतो. मोगरा लगडला की ‘मी फुलवला’, आणि रोपवाटिकेतून हौसेने आणलेलं रोप गेलं की ‘माझा हातच वाईट’. रोप जातं तेव्हा ते कुंडीतून काढून मुळं पाहा. काळी, मऊ, वास येणारी असतील तर पाणी साचलं होतं. ठणठणीत कोरडी असतील तर पाणी पोचलं नव्हतं. कुंडीच्या आकाराने गोल वळून गच्च झाली असतील तर जागा पुरत नव्हती. कारणं हाताला लागली की ‘मी’ भोवतीचा बराच गाळ खाली बसतो. खत घातल्यावर तिसऱ्या दिवशी फूल शोधायला जाण्याची अधीरताही याच जातीची आहे, आणि साधनेत महिनाभरात शांती शोधणाऱ्याची गत वेगळी नाही.

महाराष्ट्रात या विषयावर लिहिताना आणखी एक हरकत टाळता येत नाही, आणि तिचं वजन मला सगळ्यांत जास्त वाटतं. 1956 मध्ये नागपूरला डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्म स्वीकारला तो समतेसाठी. त्या धम्मातून एक तंत्र वेगळं काढून त्याचा उपयोग गच्चीवरच्या बागेत मन:शांती मिळवण्यापुरता करणं म्हणजे धम्म पातळ करणं नव्हे काय? आणि जी बाई रोजंदारीवर दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपते, तिला कोणत्या तोंडाने सांगणार की खुरपताना मन खुरप्यावर ठेव? तिला हे सांगूच नये. तिला हवी आहे वाजवी मजुरी, सावली आणि पाणी. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना मातीत हात घालणं ऐच्छिक आहे. त्यांच्यासाठी सात्थकाचा प्रश्न कुंडीपाशी थांबत नाही. आपल्या सोसायटीची बाग कोण राखतं, त्याला काय मिळतं, भर उन्हात त्याला बसायला जागा आहे का, कीटकनाशक फवारताना त्याला कोणी हातमोजे दिलेत का, हे प्रश्न त्याच यादीतले आहेत. अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती एकटी उभी नाही, सम्यक आजीविका आणि सम्यक कर्मान्त तिच्या शेजारी आहेत. ज्या समाजाने मातीत राबणाऱ्या हातांना शतकानुशतकं खालचं मानलं, तिथे शिकल्यासवरल्या माणसाने स्वतःच्या हाताने शेणखत कालवणं, आळं करणं, आणि ते काम हलकं वाटतं का हे प्रामाणिकपणे तपासणं, ही मोठी साधना आहे. मनात येणारी किळस शेणाची आहे की शिकवलेली आहे, हे तिथेच कळतं.

हा सराव घरात न्यायचा तर बागेला जोडून घरातलं फक्त एक काम घ्या. दोन घेऊ नका. बागेतून आल्यावर हातपाय धुणं हे सगळ्यांत सोपं. भांडी घासणं त्याहून जास्त वेळ चालणारं आणि जास्त शिकवणारं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात 2015 मध्ये 51 विद्यार्थ्यांवर एक छोटा अभ्यास झाला. भांडी घासण्यापूर्वी ज्यांनी लक्षपूर्वक घासण्याबद्दलचा उतारा वाचला होता त्यांची अस्वस्थता कमी झाली. ज्यांनी नुसत्या घासण्याच्या सूचना वाचल्या त्यांना तसा फरक जाणवला नाही. इथेही चारही अंगं लावा: आत्ता घासायची की आधी भिजत घालायची, नळ किती सोडायचा, तळहाताला लागणारं पाणी गार आहे की कोमट, आणि मगाशी घासलेलं पातेलं पुन्हा कशामुळे चिकट राहिलं. पहिला महिना वही ठेवायची गरज नाही, मोजदाद नको, फोन मात्र दुसऱ्या खोलीत हवा. सराव करताना मन शांत होण्याऐवजी जुन्या दुःखांनी घेरलं जात असेल, झोप जात असेल, तर सराव कमी करा आणि डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. नैराश्याची औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका. ध्यानाच्या कार्यक्रमांवरच्या 47 चाचण्यांचा आढावा 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात सजगतेच्या कार्यक्रमांचा चिंता, नैराश्य आणि शारीरिक वेदना यांवर थोडा ते मध्यम फायदा दिसला, उपचारांना पर्याय ठरेल असं काही दिसलं नाही. सुरुवात करायची असेल तर पावसाळा संपताना करा. तेव्हा तण भरपूर असतं, माती मऊ असते, ऊनही सोसवतं, आणि लव्हाळ्याची गाठ अखंड निघायला याहून सोयीचा काळ नाही.